सायफाय सिरीजमधले व्हिलन एवढे मनात काहून भरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका खेड्यात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते, अन् हात मशीनवर असताना कानात हेडफोन घालून अंतराळ, रोबोट, परग्रहवाले असलं सगळं पाहून राहते. त्यातही मले हिरोपेक्षा व्हिलन जास्त आवडतात हे जाऊबाईच्या तोंडून एकदा गावभर झालं, तेव्हापासून बाया माप देता देता हळूच विचारतात, अन् पानठेल्यावरची पोट्टी आडून आडून विचारतात. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदाचं लिहून टाकलं. गोष्टी फुटतील, आधीच सांगते, ज्याले आधी पाहायचं असेल त्याने पाहून या मग वाचा.

व्हिलन आवडते म्हणजे वाईट वागणं आवडते का?

नाही वो. सासूबाईले टीव्हीवरची कटकारस्थानी सासू लय आवडते, म्हणून त्या माझ्या चहात काही कालवत नाहीत. अजून तरी नाही.

मग नेमकं आवडते काय? दिसणं?

दिसणं आहेच, खोटं काहून बोलू. पण देखणा तर हिरोही असते, अन् हिरोले पाहताना मले जांभया येतात. व्हिलनचं वेगळं हे की तो लक्ष देते. हिरोले जहाज वाचवायचं असते, पृथ्वी वाचवायची असते, समोरच्या माणसाकडे धड पाहायले त्याले फुरसत कुठे. व्हिलन थांबते, जवळ येते, हळू बोलते, अन् नेमकं त्याच माणसाकडे पाहते ज्याच्याकडे जहाजावर दुसरं कोणी पाहत नाही.

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळ जहाजावरची अमेरिकन मालिका, तिच्या जुन्या भागांतला १९६७ चा 'स्पेस सीड' हा एपिसोड घ्या. मार्ला मॅकगिव्हर्स नावाची इतिहासाची अभ्यासक जहाजावर आहे, तिले काही कामच नाही. कॅप्टन कर्क म्हणते, चला, त्या इतिहासवाल्या बाईले आता काहीतरी काम मिळेल, अन् तिचं नावसुद्धा चुकीचं घेते! दुसऱ्याने सांगावं लागते की बाबा मॅकगिव्हर्स आहे ते. मग येते खान, रिकार्डो मोंतालबान, शेकडो वर्षं झोपवून ठेवलेला, शास्त्रज्ञांनी मुद्दाम घडवलेला, ताकदीचा अन् गर्वाचा माणूस. तो तिचे केस कसे असावे ते सांगते अन् ती तसे करते, मग तिच्या खोलीत जाऊन तिने काढलेली जुन्या योद्ध्यांची चित्रं पाहते. केसाच्या सीनमध्ये तसं पाहिलं तर काहीच नाही, केसाले हात लावला एवढंच, पण १९६७ सालच्या टीव्हीवर याच्यापेक्षा फार गरम काही दाखवता येत नव्हतं अन् मी म्हणते दाखवायची गरजही नव्हती.

पण तोच खान आधी म्हणते की थांबायचं तर तुझ्या मर्जीने थांब, अन् नंतर थोड्याच वेळात तिचा हात दाबून तिले गुडघ्यावर आणते अन् जहाज ताब्यात घ्यायले मदत करशील का विचारते. आमच्याकडे खेडा खरेदीचा व्यापारी असाच असते, कापूस हातात घेते, धागा ओढून पाहते, 'काय माल आहे काकाजी, अख्ख्या शिवारात असा नाही' म्हणते, अन् तिकडे काटा मारते. कौतुक खरंही असू शकते, माल चांगलाच असते, पण तो आला कशासाठी ते विसरायचं नाही.

बोर्ग राणीचंही तेच. बोर्ग म्हणजे स्टार ट्रेकमधले अर्धे जिवंत, अर्धे यंत्र असे शत्रू. ती पहिल्यांदा आली स्टार ट्रेकच्याच १९९६ च्या 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' सिनेमात, मग टीव्हीवर 'व्हॉयेजर' मालिकेतही आली, म्हणून इथे धरते. सिनेमात अॅलिस क्रिगी नावाच्या बाईने ती केली. एंट्री अशी की वरून नुसतं डोकं अन् खांदे येतात, खाली मणका लोंबून राहिला, अन् ते खालच्या धडात बसते. किळस यायले पाहिजे ना? येते पण. अन् तरी नजर हटत नाही. तिने पकडलेला डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा रोबोट आहे, त्याची आयुष्यभराची एकच इच्छा, माणसासारखं व्हायचं. ती त्याच्या हातावर खरी कातडी लावते अन् त्यावर हळूच फुंकर मारते, एवढंच. नंतर डेटा कबूल करते की मले ०.६८ सेकंद मोह झाला होता, अन् अँड्रॉइडसाठी तो म्हणजे जवळजवळ युगभराचा काळ आहे. जहाजावरच्या कोणत्या मित्राने त्याले कधी विचारलं होतं का, की तुले स्पर्श हवा आहे का म्हणून? तिने ओळखलं. दुष्ट होती, पण ओळखलं तिनेच.

तुमची सगळ्यात आवडती कोणती?

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका', २००३ ची मिनी सिरीज अन् पुढे २००९ पर्यंत चाललेली मालिका, त्यातली नंबर सिक्स. ट्रिशिया हेल्फर.

पहिलाच सीन सांगते. माणूस अन् सायलॉन नावाचे रोबोट यांच्यात तह झाला आहे, दरवर्षी एक अधिकारी अंतराळातल्या स्टेशनवर जाऊन बसते, सायलॉनचा माणूस यायचा असते पण चाळीस वर्षं कोणी येतच नाही. म्हातारा झाला बिचारा, टेबलावर घरच्यांचा फोटो, कागद सरळ करून बसला आहे. अन् या वेळी दार उघडते. आधी दोन लोखंडी रोबोट, अन् त्यांच्या मधून ही. सरळ त्याच्यापर्यंत येते, टेबलावर टेकते अन् विचारते, तू जिवंत आहेस का? तो कसाबसा हो म्हणते. सिद्ध कर, म्हणते, अन् त्याचं चुंबन घेते. अन् बाहेरून स्टेशन उडवलं जाते, तो मरते. सुरुवातीलाच!

१९७८ च्या जुन्या मालिकेत सायलॉन म्हणजे नुसते चकचकीत पत्र्याचे रोबोट होते, त्यांच्यावर कोण भाळणार. नव्या लोकांनी ते माणसासारखे केले, अन् सगळी गोष्टच पलटली, कारण आता शत्रू ओळखायलेच येत नाही, उलट तो तुमच्या बिछान्यात आहे. डॉक्टर बाल्टर हा मोठा शास्त्रज्ञ, त्याच्या गर्वाले ती अशी गोंजारते की तो तिले संरक्षण खात्याच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचवून देते, अन् त्या पायी अब्जावधी माणसं मरतात. मग ती त्याच्या डोक्यात राहायला येते, फक्त त्यालेच दिसते, लाल ड्रेसमध्ये. कधी प्रेमाने बोलते, कधी देवाबद्दल, कधी मानगूट धरते.

अन् हो, पहिल्याच भागात ती बाजारात एका तान्ह्या बाळाजवळ थांबते, किती नाजूक मान आहे म्हणते. पुढचं सांगत नाही. मी मशीन थांबवली होती तेवढी.

कपड्याचं सांगा ना, तुम्ही तर शिवता.

हा माझा आवडता प्रश्न. जुन्या स्टार ट्रेकचा कपडेवाला विल्यम वेअर थीस याचा एक प्रसिद्ध सिद्धांत होता, की कपडा किती मादक वाटेल हे तो आता घसरते का मग घसरते असं किती वाटते यावर ठरते. त्याने तसेच कपडे केले, एका खांद्यावर अडकलेलं कापड, बाजूने सगळं उघडं, देवालाच ठाऊक कशाच्या भरवशावर थांबलेलं. शिवणाऱ्या बाईले लगेच कळते की आतून पट्टी लावल्याशिवाय अन् चिकटवल्याशिवाय ते दोन मिनिटं टिकणार नाही.

पण मी नीट पाहिलं तर असे कपडे बहुतेक वेळा हिरोच्या प्रेमात पडणाऱ्या पाहुण्या बायांच्या अंगावर असतात. खऱ्या व्हिलन बाईचा कपडा घसरत नाही! 'ब्लेक्स सेव्हन' ही बीबीसीची मालिका, १९७८ ते १९८१, त्यात सर्वलान नावाची सत्ताधारी बाई, जॅकलिन पिअर्सने केलेली. बारीक कापलेले केस, अन् अंगावर पांढरे लांब गाऊन, पुढे पुढे काळे. दगडाच्या खाणीत, चिखलात, कुठेही हिल्स घालून तसल्या गाऊनमध्ये उतरते. अन् पूर्ण मालिकेत एकदाही ती कपडा सावरताना मले दिसली नाही. आपली बाई दिवसातून किती वेळा पदर सावरते, खांद्यावरची पट्टी आत सारते, ओढणी नीट करते? सर्वलानचा हात कधी तिकडे जातच नाही. माझ्या मते तिची सगळी मादकता त्याच्यात आहे, उघडं किती अन् झाकलं किती त्याच्यात नाही.

नंबर सिक्सचा लाल ड्रेस घ्या, कापड असं बसलं आहे की कुठे चुणी नाही, कुठे ओढ नाही. आमच्याकडे एक पोरगी तसाच शिवून द्या म्हणून स्क्रीनशॉट घेऊन आली होती, लग्नाच्या रिसेप्शनसाठी. म्हटलं बाई, कापड उरेब कापावं लागेल, दीडपट लागेल, अन् तुझ्या आजीले तू समजाव. शेवटी अनारकली नेला.

पुरुषांमध्ये 'फारस्केप' या अंतराळाच्याच मालिकेतला स्कॉर्पियस. पूर्ण काळं चामडं, चेहरा मेलेल्या माणसासारखा, देखणा अजिबात नाही. पण त्या सूटले कारण आहे, तो दोन जातींचा संकर आहे, एका बाजूचं रक्त गरम अन् दुसऱ्या बाजूले उष्णता सहन होत नाही, म्हणून तो सूट त्याले थंड ठेवते, डोक्यात थंडाव्याच्या कांड्या बसवल्या आहेत. आमच्या मे महिन्यात मले तो सूट हवाच आहे. पण सांगायचं हे की कपड्यामागे दुखणं असलं की माणूस पाहत राहते.

भीतीही वाटते अन् आवडतेही, हा डोक्याचा बिघाड आहे का?

नाही. १९७४ मध्ये डटन अन् अॅरन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानोच्या झुलत्या पुलावर प्रयोग केला होता. पूल हलणारा, खाली खोल दरी. पुलावरच्या पुरुषांले एक बाई प्रश्न विचारायची अन् आपला फोन नंबर द्यायची. दुसरीकडे मजबूत, कमी उंचीच्या पुलावरही तेच. तर हलत्या पुलावरच्या जास्त जणांनी नंतर फोन केला. म्हणजे छाती धडधडते भीतीने, अन् मन समजते की या बाईमुळे धडधडून राहिली. या प्रयोगावर वाद घालणारेही आहेत, पण व्हिलनच्या सीनले तो असा फिट बसते की सोडवत नाही.

अन् माणसाची एक गोष्ट चांगली दिसली की आपण आपोआप त्याचं बाकीचंही चांगलंच समजतो, देखणा दिसला की हुशारही वाटते, असल्या चुकीवर थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच लिहून ठेवलं आहे. 'व्ही' नावाच्या १९८३ च्या सिरीजमध्ये परग्रहवाले येतात, गोरेगोमटे, गोड बोलणारे, लाल गणवेशातले, आमचं ज्ञान तुम्हाले देऊ म्हणतात, लोकं हार घालायचे बाकी राहतात. त्यांची डायना, जेन बॅडलर, काय दिसते बाप्पा. अन् मग एक जण चोरून पाहते तर ती जबडा फाकवून जिवंत उंदरासारखं जनावर गिळून राहिली. माणसाच्या कातडीखाली सरडा. त्यांच्या झेंड्यावरची खूण नाझींच्या स्वस्तिकासारखी आहे, म्हणजे लिहिणाऱ्याले कोणाकडे बोट दाखवायचं होतं ते स्पष्टच आहे.

पण काही व्हिलन तर जबरदस्ती करतात. तेही आवडते म्हणता?

हा प्रश्न एका सातवीतल्या पोरीच्या आईने विचारला होता अन् तो बरोबर विचारला, म्हणून याले वेळ देते.

'जेसिका जोन्स', २०१५. किलग्रेव्ह नावाचा माणूस बोलेल ते समोरच्याले करावंच लागते. ते काम केलं डेव्हिड टेनंटने, म्हणजे ज्याच्यावर 'डॉक्टर हू' मालिकेमुळे आधीच अर्धं जग भाळलं होतं. जांभळा सूट, छान हसणं, छान आवाज. मालिकावाल्यांनी हे मुद्दाम केलं असं मले वाटते, कारण तुम्ही त्याच्यावर भाळता अन् मग जेसिका त्याच्या तोंडावर म्हणते की तू माझ्यावर बलात्कार केला. तो खरोखर गोंधळून विचारते, पंचतारांकित हॉटेलात ठेवलं, चांगलंचुंगलं खाऊ घातलं, त्यात बलात्कार कुठे? त्याने तिचं लहानपणचं घरही विकत घेऊन जसंच्या तसं सजवलं असते. सगळं लक्ष तिच्यावरच! मी वर ज्याचं कौतुक केलं तेच लक्ष. फक्त तिने नाही म्हणायची जागाच त्याने ठेवली नाही. त्याचं ते हॉटेलवालं वाक्य आमच्या इकडच्या किती तरी नवऱ्यांच्या तोंडी शोभेल, तुले काय कमी केलं म्हणून.

'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच मालिकेतला गुल दुकात दुसरा. मार्क अलायमोने असा केला, मऊ आवाज, मान तिरपी, गोड हसणं, की प्रेक्षक त्याच्या प्रेमात पडले. अन् हा माणूस बजोर ग्रहावर गुलामगिरी चालवणारा मुख्य अधिकारी होता. किरा ही बजोरची, त्याच्याविरुद्ध लढलेली, अन् दुकात तिच्या मागे मागे. लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे प्रकरण जुळवावं असं येऊ लागलं तेव्हा किरा करणारी नाना व्हिजिटर ठाम अडून बसली, नाही म्हणजे नाही. मी तिले मनापासून मानते. नंतर १९९८ मध्ये 'वॉल्ट्झ' एपिसोडमध्ये दुकातचा मुखवटा पूर्ण काढला, तो आपण किती दयाळू होतो ते सांगता सांगता शेवटी ओरडते की सगळ्यांनाच मारायले पाहिजे होतं. अन् त्याच वर्षी कळते की किराची आई त्याने ठेवलेली होती, पोरांच्या तोंडात घास जावा म्हणून ती राहिली.

तिसरं म्हणजे 'फारस्केप'ची ग्रेझा. छातीत ग्रंथी बसवली आहे, तिचं तेल लावलं की पुरुषाची इच्छाच तिच्या ताब्यात. ती हिरो क्रायटनवर तेच करते. काही पोट्टे हसतात, म्हणतात आपल्याले का नाही भेटत अशी. मी विचारते, उलट असतं तर हसला असता का बे? गप्प बसतात.

तर माझं उत्तर असं. खानच्या सीनमध्ये मार्लाले ओढ वाटते ती तिची आहे, अन् शेवटी कर्क तिले विचारते की खटला की खानसोबत रानटी ग्रह, तर ती खान निवडते. चूक असेल, पण निवडते ती. किलग्रेव्हच्या गोष्टीत निवड नाही, म्हणून मी त्याच्याकडे पाहते पण त्याच्यासाठी उसासा टाकत नाही. डेव्हिड टेनंटसाठी टाकते, ती गोष्ट वेगळी.

बाईले इच्छा असली की ती व्हिलनच काहून असते?

कारण लिहिणारे बहुतेक बापे होते. सोज्वळ बाई वाट पाहते, दुष्ट बाई मागते, हे सगळीकडेच आहे.

त्यातही वाईट म्हणजे बाईले बाई आवडते किंवा पुरुषाले पुरुष, तर तेही व्हिलनच्याच खात्यात. हॉलिवूडमध्ये १९३४ पासून १९६८ पर्यंत हेज कोड नावाची नियमावली होती, समलिंगी माणूस उघड दाखवताच येत नव्हता, मग तो नाजूक हातवारे अन् रेशमी गाऊन देऊन व्हिलन म्हणून सूचकपणे दाखवायचे. ती सवय टीव्हीतही आली. 'डीप स्पेस नाइन'मध्ये १९९४ साली उलट्या विश्वातली किरा येते, इंटेंडंट, चकचकीत घट्ट सूट, कोणावरही नजर, पुरुष असो की बाई. पाहायले मजा येते, नाना व्हिजिटरने धमाल केली आहे, पण सरळ किरा सोज्वळ अन् वाकडी किरा सगळ्यांवर भाळणारी, हा हिशोब मले खटकते. 'डॉक्टर हू'ची मिसी, २०१४ ची, त्यापेक्षा पुष्कळ बरी जमली. मास्टर म्हणजे हिरो डॉक्टरचा जुना शत्रू, आधी पुरुष होता, मग तोच बाई होऊन मिसी झाला, अन् डॉक्टरबद्दलची तिची ओढ तीच, आधीही होती, फक्त आता ती चुंबन घेऊन मोकळी होते.

अन् एकदा उलटंही झालं. १९६८ च्या 'द एंटरप्राइज इन्सिडेंट'मध्ये रोम्युलन कमांडर बाई शत्रूकडची, पण तिथे भुरळ घालते तो आपला स्पॉक, कर्कच्याच जहाजावरचा अधिकारी! बोटांनी बोटं स्पर्शून, हळू बोलून, अन् तिकडे कर्क त्यांचं यंत्र चोरून नेते. त्या एपिसोडमध्ये व्हिलन कोण ते तुम्हीच ठरवा, मले तर त्या बाईची दया आली.

खान आपल्याकडचा ना?

कागदावर. मार्ला त्याले पाहून म्हणते उत्तर भारतातला, बहुतेक शीख. करणारा मेक्सिकोत जन्मलेला, ना पगडी ना दाढी. २०१३ च्या सिनेमात तर बेनेडिक्ट कंबरबॅच नावाचा गोरापान इंग्रज. २०२० मध्ये 'डॉक्टर हू'चा मास्टर झाला सचा धवन, भारतीय वंशाचा, तेव्हा कुठे खरं काही जमलं.

आपल्या टीव्हीवर असे व्हिलन काहून झाले नाहीत?

१९९७ ला शक्तिमान आलं तेव्हा किल्विश होता, 'अंधेरा कायम रहे', आम्ही पोरं गोधडीत घुसायचो. भुरळ वगैरे काही नाही, नुसती भीती. १९९८ ला कॅप्टन व्योम आलं तर त्यात देखणा म्हणजे हिरोच, मिलिंद सोमण, व्हिलनकडे पाहते कोण. दूरदर्शन घरातल्या सगळ्यांसोबत पाहायचं, आजोबा खाटेवर, मधात चूल, तिथे व्हिलनने फुंकर मारली असती तर टीव्हीच बंद केला असता.

पण रंगमंचावर आहे ना. माझं माहेर वडसाकडचं, दिवाळीनंतर मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा सुरू झाली की झाडीपट्टीची नाटकं, रात्रभर. तिथला खलनायक स्टेजवर येते तेव्हा शिट्ट्या ऐका, हिरोले तेवढ्या नसतात. मिशीवर हात फिरवत तो पुढच्या रांगेतल्या बायांकडे पाहते अन् बाया पदर तोंडाले लावून हसतात, माझी मायही हसायची.

अन् रावणाले विसरू नका. अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यात सांगोळा गावी रावणाची मूर्ती आहे, दसऱ्याले तिथे त्याची पूजा होते. वाल्मीकी रामायणात सुंदरकांडात हनुमान बांधलेला, रावणापुढे उभा, अन् मनात काय म्हणते, 'अहो रूपमहो धैर्यमहो सत्त्वमहो द्युतिः', काय रूप, काय धैर्य, अन् अधर्म नसता तर हा इंद्रासकट देवलोकाचाही रक्षक झाला असता. हनुमानाले म्हणता येते तर मले का नाही? सासूबाईले हे सांगितलं तेव्हापासून त्या काही बोलत नाहीत.

पोरांसमोर पाहता येते का?

जुनं स्टार ट्रेक, 'डॉक्टर हू' बिनधास्त. बाकीचं आधी स्वतः पाहा. २०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर वयाचं लिहिलेलं असते, १३+, १६+, किंवा ए, ते वाचत जा. 'जेसिका जोन्स' मोठ्यांसाठीच. अन् पोट्टी मोठी झाली की किलग्रेव्हवाला भाग सोबत बसून दाखवा, अवघड वाटेल, वाटू द्या.

नवरा काही म्हणत नाही का?

त्याले नंबर सिक्स आवडते. मिटलं.

सुरुवात कुठून करू?

'स्पेस सीड', एका जेवणाएवढ्या वेळात संपते. मग १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान' सिनेमा, तिथे कळते मार्लाचं पुढे काय झालं. आवडलं तर गॅलॅक्टिकाची मिनी सिरीज, दोन भाग आहेत, रात्री लाईट जाणार नाही असा दिवस पाहून बसा, कारण मधात तोडलं तर मजा जाते. 'डीप स्पेस नाइन' लांब आहे, सात सीझन, दुकात हळूहळू उलगडते म्हणून घाई करू नका. 'ब्लेक्स सेव्हन'चे सेट पुठ्ठ्याचे आहेत, पहिल्यांदा हसू येईल, पण सर्वलान आली की पुठ्ठा दिसत नाही. फक्त शेवटच्या एपिसोडमध्ये ती नाही, हे सांगून ठेवते, नाहीतर शेवटपर्यंत तिची वाट पाहत बसाल.